पंगतीतला राहू : किशोरवयीनांसाठी थरारपट घडविताना

(नेवासा येथे विद्यार्थी, शिक्षक आणि पालक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



कथा सांगण्याचा विषय नेवाशात काढायचा, तर प्रारंभ कोठून करावा हा प्रश्नच पडत नाही. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० मध्ये, याच प्रवरेच्या काठी एका खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी गीतेचा अर्थ मराठीत सांगितला आणि सच्चिदानंदबाबांनी तो लिहून घेतला. हा खांब आजही येथे उभा आहे. परंपरेने दिलेले जन्मवर्ष धरले, तर त्या वेळी सांगणाऱ्याचे वय पंधरा वर्षांचे होते. आजच्या हिशेबात ते दहावीच्या वर्गातील मुलाचे वय होय. त्यामुळे 'या वयात मुलांना काय कळते?' हे वाक्य अन्यत्र कोणी उच्चारले तर उच्चारो. नेवाशात तरी ते शोभत नाही.

ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी श्रोत्यांकडे एकच मागणे आहे, अवधानाचे. श्रोत्याने लक्ष द्यावे, एवढेच. शब्दसृष्टीचा एवढा मोठा स्वामी; परंतु ऐकणाऱ्याचे लक्ष त्याने गृहीत धरले नाही, नम्रपणे मागून घेतले. आजच्या विषयाचे मूळ सूत्र हेच आहे. पंधरा वर्षांच्या प्रेक्षकाचे अवधान कसे मागावे, ते मिळाल्यावर त्याचे काय करावे, आणि त्याचा विश्वासघात कसा टाळावा?

शाळा-महाविद्यालयांतील मुले आज लघुपट करू लागली आहेत. मोबाइलमध्ये कॅमेरा आहे, संकलनाची साधने आहेत. आणि विषय निवडा म्हटले की दहांतील आठ मुलांच्या तोंडी एकच शब्द येतो, 'थ्रिलर'. मग घरातील मोठी माणसे थोडी अस्वस्थ होतात. खून, पाठलाग, धमक्या, हे सारे मुलांच्या हाती कशासाठी? त्यापेक्षा स्वच्छतेवर करा, वृक्षारोपणावर करा, एखाद्या थोर पुरुषाच्या चरित्रावर करा. ही अस्वस्थता प्रामाणिक आहे आणि तिला प्रामाणिक उत्तर मिळाले पाहिजे.

थरार मुलांपर्यंत पोहोचलेलाच आहे

पहिली गोष्ट अशी की, थरारपट मुलांना द्यावा की न द्यावा, हा निर्णय आता पालकांच्या हाती उरलेला नाही. कोरियातील, अमेरिकेतील, स्पेनमधील मालिका नेवाशातील मुलाच्या अंथरुणात रात्री अकरा वाजता हजर असतात. चित्रपट प्रमाणनाच्या २०२४ च्या नियमांनी 'यूए' या एकाच वर्गाचे सात, तेरा आणि सोळा वर्षे असे तीन टप्पे केले. ऑनलाइन माध्यमांसाठी अशीच वर्गवारी २०२१ च्या नियमांत आलेली होती. कायद्यानेही मान्य केले की सात वर्षांचे मूल आणि सोळा वर्षांचा किशोर हे दोन भिन्न प्रेक्षक आहेत. परंतु पडद्याच्या कोपऱ्यात उमटणारा तो आकडा वाचून मोबाइल खाली ठेवणारा मुलगा विरळाच. मुलगा थरार पाहणारच आहे. त्याला दिसणाऱ्या थरारात त्याचे गाव, त्याची भाषा, त्याचे घर कोठे असते, हा खरा प्रश्न आहे. परक्या शहरातील परक्या मुलांची भीती तो रोज अनुभवतो. त्याची स्वतःची भीती मात्र कोणी पडद्यावर आणत नाही. जिची गोष्ट होत नाही, ती भीती मनात तशीच कोंडून राहते.

दुसरी गोष्ट, थरार हा मराठी मुलांना नवा नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे 'झुंजार' आणि 'काळा पहाड' वाचत एक पिढी वाचायला शिकली. भा. रा. भागवतांनी (१९१०-२००१) फुरसुंगीच्या बनेश फेणेला घडविले. हा 'फास्टर फेणे' शरीराने किडकिडीत. बळ त्याच्या सायकलीत, चपळाईत आणि जिभेवरच्या त्या 'ट्टॉक्'मध्ये. १९८०च्या दशकात सुमीत राघवनने त्याला दूरदर्शनवर आणले. २०१७ मध्ये आदित्य सरपोतदार यांच्या चित्रपटात अमेय वाघने त्याला मोठ्या पडद्यावर उभे केले. त्या चित्रपटाचा गाभा होता वैद्यकीय प्रवेशपरीक्षेतील गैरव्यवहार. पुढे २०२४ मध्ये वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेचे पेपरफुटी प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि त्याच वर्षी सार्वजनिक परीक्षांतील गैरप्रकारांविरुद्ध केंद्राचा स्वतंत्र कायदा अमलात आला. विद्यार्थ्याच्या आयुष्यात भीती कोठे दडलेली असते, हे त्या चित्रपटाने अचूक हेरले होते. हवेली आणि भुते यांच्यापेक्षा परीक्षेची खोली अधिक भीतिदायक असते.

आणखी मागे जायचे तर दादासाहेब फाळके आहेतच. १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये त्यांची चिमुरडी कन्या मंदाकिनी कृष्ण झाली. बाळकृष्ण डोहात उडी घेतो; एकीकडे पाण्यातील झुंज आणि दुसरीकडे काठावर जमलेल्यांचा आकांत. कथा घराघरांत ठाऊक असलेली, शेवट माहीत असलेला, तरीही जीव टांगणीला लागतो. शेवट ठाऊक असूनही धाकधूक का होते? या एका प्रश्नाचे उत्तर सापडले की थरारपटाच्या रचनेचे अर्धे शास्त्र हाती आले.

राहू पंगतीत बसला आहे

ते उत्तर नेवाशाच्या मोहिनीराजाच्या मंदिरात आहे. समुद्रमंथनातून अमृत निघाले; विष्णूने मोहिनीरूप घेऊन ते वाटावयास घेतले. देवांची पंगत बसली आणि त्या पंगतीत देवाचा वेश घेऊन राहू येऊन बसला. मोहिनी वाढत वाढत पुढे येत आहे. ऐकणाऱ्याला ठाऊक आहे की तो राहू आहे. मोहिनीला अजून कळलेले नाही. पळी त्याच्या ओंजळीपाशी आली. सूर्य-चंद्रांनी खूण केली, सुदर्शन सुटले. परंतु तोवर अमृत कंठाशी पोहोचले होते. याच परिसरातील लोककथा पुढे सांगते की राहूचे शिर पडले ती राहुरी आणि काया पडली ते कायगाव.

या कथेत थरारपटाचे सर्व व्याकरण आहे. आल्फ्रेड हिचकॉक हा इंग्रज दिग्दर्शक चकित होणे आणि धास्तावणे यांतील भेद समजावून सांगताना टेबलाखालच्या बॉम्बचे उदाहरण देत असे. माणसे गप्पा मारीत बसली आहेत आणि अचानक स्फोट झाला, तर प्रेक्षक क्षणभर दचकतो. परंतु टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला आधीच दाखविले आणि माणसांना ठाऊक नसले, तर त्यांच्या साध्या गप्पाही असह्य होतात. आमच्या आजीच्या तोंडच्या कथेत राहू पंगतीत बसला, तो याच न्यायाने.

सत्यजित राय यांनीही हाच मार्ग धरला. त्यांची 'सोनार केल्ला' ही कादंबरी वाचकाला अपराधी कोण याविषयी अंधारात ठेवते. १९७४ मध्ये तीवर चित्रपट करताना मात्र रायांनी दुष्टांची ओळख प्रेक्षकाला लवकर करून दिली. ती माणसे निष्पाप मुकुलला गोड बोलून बरोबर नेत असताना प्रेक्षागृहातील मुले कासावीस होतात. नवशिक्या विद्यार्थ्याला वाटते की खलनायकाचे नाव शेवटच्या मिनिटापर्यंत लपविणे म्हणजे थरार. पंधरा मिनिटांच्या लघुपटात असे लपविण्याला फारसा वावच नसतो. पात्रेच चार असतात आणि चाणाक्ष मुलगा तिसऱ्या मिनिटालाच ओळखून मोकळा होतो. म्हणून लपवू नये, दाखवावे; आणि जो धोका प्रेक्षकाला दिसतो तो नायकाला दिसू नये.

सुगावा प्रामाणिक असावा

किशोर प्रेक्षक एका बाबतीत अत्यंत कठोर असतो. त्याला फसविलेले चालत नाही. शेवटी आभाळातून पुरावा पडला, किंवा पोलीस अचानक दारात उभे राहिले, की तो 'काहीही!' असे म्हणून उठतो, आणि त्याचे म्हणणे न्याय्य असते. पुरावा त्याच्या डोळ्यांसमोर आधी येऊन गेलेला असला पाहिजे.

एरिक केस्टनर या जर्मन लेखकाची 'एमिल आणि गुप्तहेर' ही १९२९ ची बालकादंबरी. आईने दिलेले पैसे हरवू नयेत म्हणून लहानगा एमिल नोटा कोटाच्या अस्तराला टाचणीने टोचून ठेवतो. पैसे चोरीला जातात. बर्लिनची मुले मिळून चोराचा पाठलाग करतात. अखेर त्या नोटा एमिलच्याच हे कशावरून, असा प्रश्न येतो तेव्हा नोटांवरील टाचणीची भोके साक्ष देतात. आईच्या कष्टाची काळजी हाच मुलाचा पुरावा ठरतो. वाचकाने ती टाचणी पाहिलेली असते. तिचे महत्त्व मात्र त्याच्या लक्षात आलेले नसते. उत्तम सुगावा असा असतो.

नेवाशाच्या विद्यार्थ्याने सुगावा कसा वाचावा हे शिकण्यासाठी जर्मनीलाही जाण्याचे कारण नाही. डॉ. ह. धी. सांकलिया आणि डेक्कन कॉलेजचे संशोधक यांनी १९५४ पासून येथे उत्खनन केले. अश्मयुगाच्या दगडी हत्यारांपासून ऐतिहासिक काळापर्यंतचे थर त्यांनी उलगडले. ताम्रपाषाण युगातील घरांच्या जमिनीखाली मातीच्या कुंभांत पुरलेली बालके सापडली. तांब्याच्या मण्यांच्या एका माळेत धाग्याचा अंश टिकून राहिला होता. तपासणीत त्यात रेशीम आणि कापूस आढळला. तीन हजार वर्षांहून जुन्या काळातील एका बाळाच्या माळेचा धागा! कोण्या मातेने ती माळ ओवली असेल, हे माती सांगत नाही. परंतु येथे रेशीम पोहोचले होते, एवढे ती निर्विवादपणे सांगते. पुराव्यातून जेवढे निघते तेवढेच म्हणावे, त्याहून अधिक म्हणू नये. ही संशोधकाची शिस्त आणि रहस्यकथेच्या नायकाची शिस्त एकच आहे. अफवेच्या युगात वाढणाऱ्या मुलाला ही शिस्त लागली, तर थरारपटाने एका वर्गशिक्षकाइतके काम केले असे समजावे.

एका लघुपटाचा आराखडा

आता हे सर्व एकत्र बांधून पाहू. नेवासा तालुक्यात भेंडे आणि सोनई येथे साखर कारखाने आहेत. हंगामात ऊसतोडणी कामगारांची कुटुंबे येतात आणि त्यांची मुले अधूनमधून येथील वर्गांत बसतात. हंगामाच्या उत्तरार्धातच दहावीची परीक्षा येते. गोष्ट येथेच घडावी.

मुक्ता दहावीत आहे. तिचा मित्र ओंकार अभ्यासात मागे पडलेला आणि वडिलांच्या अपेक्षेखाली दबलेला. एका रात्री त्याच्या मोबाइलवर संदेश येतो, 'उद्याचा पेपर हवा आहे का? दोन हजार.' दुधाच्या हिशेबाच्या डब्यातून तो पैसे काढतो आणि पाठवतो. पेपरचे छायाचित्र येते. सकाळी परीक्षेत त्यातला एकही प्रश्न नसतो. जुनीच प्रश्नपत्रिका, तारीख बदललेली. आणि मग दुसरा संदेश, 'आता पाच हजार. नाहीतर तुझे नाव मुख्याध्यापकांकडे आणि घरी.' येथे थरार सुरू होतो. एकही गोळी सुटलेली नाही. परंतु पंधरा वर्षांच्या मुलाला याहून मोठी भीती ठाऊक नाही.

ओंकार मुक्ताला सांगतो. वर्गात कुजबुज पसरते. संशय कोणावर? बीडकडून आलेल्या ऊसतोड कुटुंबातील सुदामवर. तो नवा आहे, अबोल आहे, आणि नेमका याच दिवसांत त्याच्या पायांत नवे बूट आहेत. मुले घाटावर त्याला घेरतात, त्याचे दप्तर उपडे करतात.

दरम्यान प्रेक्षकाला सत्य दिसलेले आहे. पाचव्या मिनिटाला, झेरॉक्सच्या दुकानाचे शटर अर्धे खाली आल्यावर, शिकवणीतील सर्वांचा लाडका दादा एक जुनी प्रश्नपत्रिका काचेवर ठेवताना दिसतो. राहू पंगतीत बसला आहे. आणि सुगावा तर पहिल्याच दृश्यात येऊन गेला. त्या यंत्राच्या काचेवर एक ओरखडा आहे. तेथे काढलेल्या प्रत्येक प्रतीवर उजव्या कडेला त्याच जागी बारीक रेघ उमटते. मुलांच्या सर्व नोट्सवर ती रेघ आहे. सुदामच्या उपड्या केलेल्या दप्तरातील वह्यांवर मात्र ती नाही, कारण झेरॉक्सला पैसे नसल्याने त्याने सारे हाताने उतरवून घेतले आहे. मुक्ताच्या नजरेला ते पडते. ती घरी जाऊन मोबाइलवरचा 'फुटलेला' पेपर मोठा करून पाहते. उजव्या कडेला रेघ!

आणि हा शोध सांगायला ती कोणाकडे धावते? ज्याच्यावर तिचा सर्वाधिक विश्वास आहे, त्या दादाकडे, संध्याकाळी, एकटी. प्रेक्षागृहातील मुले येथे ओरडतील, 'अगं, जाऊ नकोस!' हे ओरडणे म्हणजे कथा पोहोचल्याची पावती होय.

खलनायक निवडताना

या आराखड्यात दोन गोष्टी हेतुतः ठेवलेल्या आहेत. एक, संशय ज्याच्यावर जातो तो परका, गरीब आणि नवा मुलगा आहे; अपराधी मात्र ओळखीचा आणि आवडता आहे. थरारपटात खलनायक निवडणे ही केवळ कथेची सोय नसते. प्रेक्षक ज्याला प्रथम संशयित मानतो, त्यात त्याचा स्वतःचा स्वभाव उघडा पडतो. घाटावर सुदामला घेरताना प्रेक्षागृहातील निम्मी मुले मनाने त्या घोळक्यात सामील झालेली असतील. थोड्याच वेळात त्यांना त्याची शरम वाटेल. ही शरम कोणत्याही भाषणाने उत्पन्न होत नाही. समाज एकरस व्हावा असे ज्यांना वाटते, त्यांनी पालावरच्या मुलाकडे वर्गातील मुले कोणत्या नजरेने पाहतात, हे आधी पाहिले पाहिजे.

दुसरी गोष्ट दादाच्या पात्राची. तो राक्षस दाखवू नये. हुशार, मदत करणारा, स्वतः स्पर्धापरीक्षांत पुन्हा पुन्हा अपयश घेतलेला तरुण दाखवावा. त्याच्या अपराधाचे समर्थन करू नये. परंतु तो कोठून निसटला हे मुलांना दिसावे. राक्षस पाहून मुले म्हणतात, 'आम्ही असे कधीच होणार नाही.' माणूस पाहून ती सावध होतात.

संस्कार कोठे आहेत?

येथे पालकांच्या मूळ प्रश्नाकडे वळावे लागते. या सर्वांत संस्कार कोठे आहेत? ते नायकाच्या निवडीत आहेत. मुक्ता कशीबशी निसटते. पुरावा हाती आहे. परंतु तक्रार करायची तर ओंकारला वडिलांसमोर उभे राहून सांगावे लागणार की दुधाचे पैसे त्याने काढले आणि पेपर विकत घेण्याचा प्रयत्न केला. गप्प राहिला तर तो वाचतो आणि सुदामवरचा डाग कायम राहतो. कथेची कळ या एका क्षणात आहे. त्या क्षणी पार्श्वसंगीत थांबवावे, उपदेशाचे एकही वाक्य घालू नये, आणि मुलाचा चेहरा पुरेसा वेळ पडद्यावर राहू द्यावा. प्रेक्षागृहातील प्रत्येक मुलगा मनात स्वतःला विचारील, 'मी काय केले असते?' संस्कार त्या प्रश्नात घडतो. उत्तर आयते हाती ठेवले की प्रश्न मरतो आणि त्याच्याबरोबर संस्कारही.

मोठ्यांचा सद्‌हेतू कित्येकदा येथेच अडखळतो. विशाल भारद्वाज यांचा 'मकडी' हा चित्रपट मुलांसाठीच होता. चिल्ड्रेन्स फिल्म सोसायटीने तो नाकारला, तेव्हा दिग्दर्शकाने स्वतः धडपड करून २००२ मध्ये तो प्रदर्शित केला. हवेलीतील चेटकीण, जुळ्या बहिणी, थोडी भीती, पुष्कळ हसू. आणि शेवटी चेटकीण ही खजिन्याच्या मागे लागलेली एक ढोंगी स्त्री निघते. भीतीचा बुरखा एका मुलीच्या धैर्याने फाटतो. अंधश्रद्धेविरुद्ध दहा भाषणांनी जे साधत नाही ते त्या चित्रपटाने साधले आणि त्यातील श्वेता प्रसादला सर्वोत्कृष्ट बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. मुलांसाठी काय योग्य हे ठरविणाऱ्यांनी मुले काय पचवू शकतात याचा अंदाज कमी धरू नये.

ओंकारने सांगितल्यावर वडिलांनी काय करावे, हाही प्रश्न लघुपटाचाच आहे, आणि तो या सभेतील पालकांसाठी आहे. सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी १९३० हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. परंतु तो क्रमांक फिरविण्याआधी मुलाला घरात बोलता आले पाहिजे. धमकी देणाऱ्याचे सारे बळ 'घरी सांगीन' या दोन शब्दांत असते. ज्या घरात मूल स्वतःच सांगू शकते, त्या घरापुढे ते बळ संपते.

शेवट अर्धा गोड ठेवावा. दादा पकडला जातो. मुले सुदामची क्षमा मागायला जातात, तर पाल उठलेले, ट्रॅक्टरवर संसार चढलेला. सुदाम ऐकून घेतो, उत्तर देत नाही. आणि अखेरच्या चित्रात दुसऱ्याच कोणा मुलाच्या मोबाइलवर अनोळखी क्रमांकाचा संदेश उजळतो. राहूच्या कंठी अमृत पोहोचले होते. त्याचे शिर अजून फिरते आहे. जागे राहणे संपत नाही.

साधने थोडी, शिस्त मोठी

करायचे कसे, याविषयी थोडक्यात. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातच याचा आदर्श आहे. नगरच्या न्यू आर्ट्स, कॉमर्स अँड सायन्स महाविद्यालयात संज्ञापन शिकत असताना नागराज मंजुळे यांनी 'पिस्तुल्या' हा लघुपट केला. शाळेची ओढ असलेल्या एका वंचित मुलाची ती गोष्ट. तिला पदार्पणाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मोठे कलाकार नव्हते, मोठे भांडवल नव्हते. माहीत असलेले जग होते. त्यातला सूरज पवार पुढे 'फँड्री' आणि 'सैराट'मध्येही दिसला.

पहिली शिस्त कागदाची. पंधरा मिनिटांची कथा बारा-पंधरा प्रसंगांत लिहून काढावी आणि प्रत्येक प्रसंगासमोर दोन ओळी लिहाव्यात : प्रेक्षकाला आता काय ठाऊक आहे, नायकाला काय ठाऊक आहे. दोन्ही ओळी सर्वत्र सारख्या निघाल्या तर थरार नाही, असे समजून पुन्हा लिहावे.

दुसरी शिस्त ध्वनीची. विद्यार्थ्यांचे लघुपट चित्रापेक्षा आवाजाने पडतात. संवाद ऐकू येत नाहीत आणि त्यावर उसने, कर्कश संगीत चढवलेले असते. कॉलरला लावायचा एक साधा माइक मिळवावा. उसाच्या पानांची सळसळ, रिकाम्या वर्गातील पंख्याची करकर, शटर खाली ओढल्याचा आवाज, हे स्वतः ध्वनिमुद्रित करावे. उसाच्या फडातून रात्री जाताना बिबट्याच्या भयाने कान टवकारणारा तालुका आहे हा. येथे शांततेचा आवाज कोणाला शिकवावा लागत नाही.

तिसरी शिस्त सुरक्षिततेची. बालकलाकारांविषयीचे कायद्याचे नियम दिवसाला पाच तासांहून अधिक आणि विश्रांतीविना सलग तीन तासांहून अधिक काम घेऊ देत नाहीत. हौशी मंडळींनीही हीच मर्यादा पाळावी. पात्रांच्या पालकांची लेखी संमती घ्यावी. घाटावर चित्रण करताना पोहता येणारी मोठी माणसे हजर असावीत. वाहत्या रस्त्यावर पाठलाग चित्रित करू नये. भीती पडद्यावर असावी, चित्रणस्थळी नसावी.

चौथी शिस्त परीक्षणाची. लघुपट पुरा होण्याआधी आठवी-नववीच्या दहा मुलांना दाखवावा आणि पडद्याकडे न पाहता मुलांकडे पाहावे. कोणी चुळबुळ केली, कोणी मोबाइल काढला, तो क्षण टिपून ठेवावा आणि कात्री चालवावी. शिक्षकांचे कौतुक नंतर ऐकावे. ती चुळबुळ अधिक खरी असते.

मित्रहो, या गावाने पंधरा वर्षांच्या मुलाचे बोलणे एकदा मन लावून ऐकले आणि मराठी भाषेचे भाग्य उजळले. प्रत्येक मूल ज्ञानेश्वर होत नाही, आणि तशी अपेक्षा मुलांवर लादणे अन्यायाचे ठरेल. परंतु प्रत्येक मुलाजवळ सांगण्यासारखी एक भीती असते आणि ती ऐकून घेणारे कोणी आहे का, याची ते वाट पाहत असते. मुलांनी कॅमेरा उचलावा. मोठ्यांनी पहिल्या रांगेत बसावे, मध्येच बोलू नये, आणि लघुपट संपल्यावर एवढेच विचारावे, 'यातले तुझ्या बाबतीत काही घडले आहे का?' ज्या घरात हा प्रश्न प्रेमाने विचारला जाईल आणि उत्तर शांतपणे ऐकले जाईल, त्या घरच्या पंगतीत राहूला फार काळ लपून बसता येणार नाही.